लोहाऱ्याचा डोंगर आणि धानाची मुळे

वरोऱ्याहून चिमूरमार्गे नागभीडला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, तर उतरेपर्यंत मातीकडे बघत राहावे. वरोऱ्याच्या शिवारात ती काळीभोर असते. त्यावर कपाशी, तूर, सोयाबीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चिमूर मागे पडले की हा काळेपणा उतरू लागतो. नागभीड येईपर्यंत रान करडे-पिवळे झालेले असते आणि मोकळ्या वावरांच्या जागी धुऱ्यांनी आखलेल्या लहान लहान बांध्या सुरू होतात. इथून पुढे वैनगंगेपर्यंत धानाचेच राज्य. हीच झाडीपट्टी. इथला शेतकरी जमिनीला नुसती माती म्हणून थांबत नाही. कन्हार, मोरंड, सिहर, खरडी अशी तिची नावे त्याच्या तोंडी असतात. कोणत्या जमिनीत हलके धान घालायचे आणि कोणत्या जमिनीत भारी, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

या नावांच्या खाली खडक आहेत. वरोऱ्याकडची काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाची, म्हणजे बेसाल्टची आहे. जवळजवळ सगळा पश्चिम आणि मध्य महाराष्ट्र याच लाव्हावर बसलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पूर्वेकडे सरकताना हा थर संपतो आणि नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागात त्याच्याही कितीतरी आधीचा पाया उघडा पडतो. तो आहे पट्टिताश्म. करडा, गुलाबीसर, पट्ट्यापट्ट्यांचा, घणाला दाद न देणारा. त्याचे वय शेकडो कोटी वर्षांत मोजतात. भारतीय उपखंडाचा हा तुकडा शास्त्रात बस्तर क्रेटन म्हणून ओळखला जातो आणि पृथ्वीच्या कवचाच्या सर्वांत जुन्या भागांत त्याची गणना होते.

या जुन्या खडकाच्या अंगावर लोखंडाचे डोंगर आहेत. त्यातल्या एकाने देशाच्या उद्योगाचा इतिहास घडवता घडवता सोडला.

तो डोंगर लोहाऱ्याचा. नागभीडला लागून असलेल्या सिंदेवाही-ब्रह्मपुरी पट्ट्यात लोहारा, पिंपळगाव, असोला, रत्नापूर या गावांच्या आसपास लोहखनिजाच्या टेकड्या आहेत. गावाच्या नावातच लोखंड आहे. मातीच्या लहान भट्ट्यांत कोळशाच्या धगीवर दगडापासून लोखंड काढण्याचे काम या मुलखात पिढ्यानपिढ्या चालत आले होते. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्स या तज्ज्ञाने चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्यात लोखंडाचा धंदा किफायतशीर होईल का, यावर सरकारसाठी अहवाल लिहिला. सर्वांत चांगले खनिज लोहाऱ्याचे, असे त्याने नोंदवले. हा अहवाल नागपूरच्या एम्प्रेस मिलचे मालक जमशेदजी टाटा यांच्या हाती पडला. ते तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. लोहाऱ्यात उत्तम खनिज, जवळच वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण, आणि वरोऱ्यापर्यंत रेल्वे आलेली. पोलादाच्या कारखान्याला आणखी काय हवे?

हवे होते बरेच काही. जमशेदजींनी वरोऱ्याचा कोळसा तपासणीसाठी जर्मनीला पाठवला. तो या कामाचा नाही, असा निकाल आला. दगडी कोळसा सगळा एकच, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. मात्र लोखंडाच्या भट्टीत लागतो तो कोक. कोळसा हवेवाचून तापवल्यावर तो मऊ होऊन फुगला पाहिजे आणि पुन्हा कडक, सच्छिद्र होऊन वरच्या खनिजाचे ओझे पेलले पाहिजे. त्यासाठी तो जमिनीखाली पुरेसा खोल गाडला जाऊन पुरेसा तापलेला असावा लागतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा तेवढा मुरलेलाच नाही. त्यात ओलावा जास्त आहे. बॉयलरखाली तो उत्तम जळतो, कोक मात्र देत नाही. त्यात भर म्हणून खाणकामाच्या सरकारी अटी जाचक होत्या. जमशेदजींनी तो विचार बाजूला ठेवला. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात खाणींचे नियम सैल झाल्यावर त्यांनी तो पुन्हा हाती घेतला.

एप्रिल १९०४ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड भारतात आले आणि जमशेदजींचे पुत्र दोराबजी यांच्यासह चांद्याच्या जंगलात शिरले. विदर्भातला एप्रिल-मे, बैलगाड्यांचा प्रवास, पिण्याच्या पाण्याची मारामार. वेल्ड यांनी लोहाऱ्याच्या टेकडीचे मोजमाप केले. खनिज अस्सल होते, पण थोडे होते. मोठ्या कारखान्याला पुरेल एवढा साठा तिथे नव्हता. त्याच वर्षी १९ मे रोजी जर्मनीत जमशेदजींचे निधन झाले. पुढे दोराबजी नागपूरला सरकारी अधिकाऱ्याच्या भेटीसाठी गेले. अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला ते जवळच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा लावलेला होता आणि दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची खूण गडद रंगात होती. ती नोंद भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या सर्वेक्षणातली होती. त्या नकाशामुळे शोध दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांकडे वळला. तिथे खनिज विपुल होते, पण कारखान्याजोगे पाणी आणि कोळसा जवळ नव्हता. मग बोस यांच्याच पत्रावरून मयूरभंजचे साठे कळले आणि शेवटी सुवर्णरेखा-खरकाईच्या संगमाजवळ साकची हे ठिकाण ठरले. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, १९१२ मध्ये पोलाद निघाले. साकचीचे पुढे जमशेदपूर झाले आणि राजहऱ्याच्या खनिजावर अर्ध्या शतकानंतर भिलाई उभे राहिले. लोहारा गाव होते तसे राहिले.

ही हकिगत टाटांच्या चरित्रांत दोन-चार ओळींत उरकली जाते. भूगोल शिकवणाऱ्याने मात्र तिच्यावर आठवडाभर थांबावे. नैसर्गिक संपत्ती म्हणजे जमिनीत पडून असलेला दगड, अशी व्याख्या मुले पाठ करतात. लोहाऱ्याचा दगड तोच होता, पण कोळसा न मुरल्यामुळे, साठा अपुरा पडल्यामुळे आणि कायद्याच्या अटींमुळे तो संपत्ती झाला नाही. राजहऱ्यात पाणी आडवे आले. खडक, आग, पाणी, वाट आणि कायदा एकत्र आले तरच खनिजाला मोल येते.

आता त्या दगडाकडे. लोहाऱ्यातले आणि गडचिरोलीतल्या सुरजागडचे लोहखनिज ज्या कुळातले आहे, त्या कुळातले खडक समुद्रात बनले. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या, आणि त्याहून जुन्या, समुद्रांत विरघळलेले लोखंड प्रचंड होते, कारण हवेत आणि पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. ऑक्सिजनवाचून लोखंड पाण्यात विरघळून राहते. मग सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्म जीव वाढले. ते ऑक्सिजन सोडू लागले आणि समुद्रातले लोखंड गंजून तळाशी बसू लागले. एक थर लोहाचा, एक गारगोटीसारख्या सिलिकाचा, असे लाखो पातळ पदर साचले. पुढे कोट्यवधी वर्षे पावसापाण्याने सिलिका धुऊन नेली आणि जड, लालसर-काळे हेमॅटाइट मागे राहिले.

हे ऐकायला फार लांबचे वाटते. पण हीच क्रिया नागभीडच्या प्रत्येक बांधीत दर पावसाळ्यात चालते. रोवणीनंतर बांधीत पाणी साचून राहते. चिखलातला ऑक्सिजन थोड्याच दिवसांत संपतो आणि मातीतले लोखंड पुन्हा विरघळते. अशा चिखलात बहुतेक पिकांची मुळे सडतात. धान तगते, कारण धानाच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडून आलेला ऑक्सिजन त्यांतून मुळांपर्यंत उतरतो आणि थोडा बाहेर झिरपतो. तो भेटताच विरघळलेले लोखंड गंजून मुळांवर तांबूस थर धरते. भर चिखलातून धानाचा चुडा उपटून मुळे धुतली, की हा तांबडेपणा दिसतो. लोहाऱ्याचा डोंगर ज्या रसायनाने उभा राहिला, तेच रसायन आजही इथल्या धानाच्या मुळाशी काम करते आहे. शाळेतल्या मुलाला हे बांधीवर उभे करून पाच मिनिटांत दाखवता येईल.

कोळशाची कथा वेगळ्या काळातली आहे आणि तिची सुरुवात बर्फाने होते. चंद्रपूरच्या नैऋत्येला, पैनगंगा आणि वर्धा मिळतात त्या परिसरात इरई नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या चुनखडीच्या खडकावर समांतर ओरखडे आढळले आणि त्यावर गोट्यांचा थर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये त्याचा अर्थ लावला: हे ओरखडे बर्फाचे आहेत. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तिथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या घासत गेल्या होत्या. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया त्याला जोडलेले होते. बर्फ वितळला, दलदली झाल्या, त्यांत वाढलेली झाडे गाडली गेली आणि बल्लारपूर, घुग्गुस, दुर्गापूर, माजरीचा कोळसा झाला. त्या महाखंडाला जगभर गोंडवाना म्हणतात. हे नाव भूशास्त्रात आले ते गोंडांच्या देशावरून, आणि चांदा ही गोंड राजांची राजधानी होती. ब्राझीलमधल्या किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकात हा शब्द असतो. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या आत राहणाऱ्या किती मुलांना हे सांगितले जाते?

बर्फाने घासलेल्या त्याच चुनखडीवर आज कोरपना-राजुऱ्याकडचे सिमेंट कारखाने चालतात. गडचांदूर, आवारपूर ही नावे पोत्यांमुळे महाराष्ट्रभर पोचली.

पट्टिताश्माने झाडीपट्टीला आणखी एक गोष्ट शिकवली. ती पाण्याची. हा खडक पाणी पीत नाही. वरचा झिजलेला मुरूम थोडे पाणी धरतो, खाली भेगा असतील तिथेच ते उतरते. इथे पाऊस भरपूर, सव्वाशे सेंटीमीटरच्या आसपास. पण तो चार महिन्यांत पडतो आणि उताराने वैनगंगेला जातो. तेव्हा पाणी जमिनीच्या पोटात नाही, पाठीवर साठवायचे. टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेला मातीची पाळ घालायची की तळ आपोआप मिळतो, कारण खालचा कातळ ते गळू देत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. चांद्याचा राजा हीरशहा याने, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन, असा नियम केल्याचे परंपरा सांगते. कोहळी समाजाच्या लोकांनी यांतले कितीतरी तलाव बांधले. कुठे पाळ घातली की कमी मातीत जास्त पाणी अडेल, हे ताडण्यात त्यांचा हातखंडा होता. यंत्राशिवाय आणि नकाशाशिवाय त्यांनी साधलेली ही जागांची निवड म्हणजे उच्च दर्जाचे भूशास्त्र आहे. या शब्दापेक्षा कमी दर्जाचा शब्द त्याला वापरू नये.

मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली आणि हे तलाव माजी मालगुजारी, म्हणजे बोलीत 'मामा तलाव', झाले. मालकी सरकारकडे आली. गावाचा हक्क राहिला, पण दरवर्षी पाळ बघणारा आणि गाळ उपसायला माणसे लावणारा हात सुटला. तलाव उथळ झाले, काहींच्या पोटात शेते शिरली. खरे तर हा गाळ म्हणजे डोंगरउतारावरच्या खडकाची झीज. पट्टिताश्मातल्या फेल्डस्पारचे हळूहळू चिकणमातीत रूपांतर होते आणि पावसाबरोबर ती तलावात उतरते. ती तलावात राहिली तर पाण्याची जागा खाते, बांधीत पडली तर पीक वाढवते. राज्य सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. तिच्या नावातली कल्पना झाडीपट्टीला नवी नव्हती.

नागभीडजवळचा घोडाझरी तलाव मोठा, इंग्रजी अमदानीत डोंगरांच्या कुशीत बांधलेला. सुट्टीच्या दिवशी लोक तिथे सहलीला जातात, पण त्याचे खरे काम खालच्या गावांतल्या बांध्यांवर दिसते. २०१८ मध्ये भोवतालचे सुमारे १५९ चौरस किलोमीटर जंगल घोडाझरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. ताडोबाचे वाघ ब्रह्मपुरीच्या जंगलांकडे जातात ते याच पट्ट्यातून. जंगल, तलाव आणि बांधी यांची कुंपणे कागदावर वेगवेगळ्या खात्यांची आहेत. पाण्याला ती ठाऊक नाहीत. डोंगरावरचे झाड गेले की तलावात गाळ वाढतो, तलाव गाळाने भरला की विहीर लवकर आटते.

धानाची गोष्ट निघालीच आहे, तर याच जिल्ह्यातली दोन ठिकाणे एकत्र ठेवून पाहण्यासारखी आहेत. वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा या गावाच्या शिवारात डायनासोरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. नागपूरचे पाद्री-भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून हे ठिकाण माहीत आहे. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवून दिले. तोवर डायनासोरच्या काळात गवत नव्हतेच, असे बहुतेकांचे मत होते. २०११ च्या संशोधनात त्यांतले काही कण धानाच्या कुळातले ठरले. धानाचे पूर्वज या मातीत लाव्हाच्या काळाइतके जुने आहेत.

दुसरे ठिकाण नागभीड तालुक्यातले नांदेड. तिथले दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या शेतात त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत बारीक, चवदार, भरघोस उतारा देणारा वाण तयार केला. तळोधीच्या बाजारात त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव मिळाले, एचएमटी. हा तांदूळ अनेक राज्यांत पसरला. त्यांनी पुढे नांदेड-हिरा, डीआरके असे आणखी वाण काढले. पिसदुऱ्याचे संशोधन प्रसिद्ध झाले त्याच २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा सन्मान केला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. त्यांच्या वाणाने व्यापाऱ्यांना जेवढे मिळवून दिले, त्याचा लहानसा वाटाही त्यांच्या घरी आला नाही. ही या जिल्ह्याच्या संपत्तीची सर्वांत दुखरी नोंद आहे.

आज लोखंड पुन्हा चर्चेत आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडला २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर उत्खनन सुरू झाले आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांच्या क्षमतेला पर्यावरण मंजुरी मिळाली. तो डोंगर माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचा आहे आणि तिथली यात्रा जुनी आहे. खाणीने रोजगार आणला, हे खरे. ट्रकांनी रस्ते फोडले आणि लाल धूळ शेतांवर बसली, हेही खरे. इकडे ब्रह्मपुरी तालुक्यात लोहारडोंगरीच्या राखीव जंगलात खाणीचा प्रस्ताव आला. तिथे वाघांच्या वाटेचा प्रश्न उभा राहिला आणि वन्यजीव मंडळांसमोर त्यावर वाद झाला. लोहाऱ्याच्या टेकडीचे १९०४ मध्ये मोजमाप झाले, तेव्हा वाघ हा जमाखर्चात धरण्याचा विषय नव्हता. आता आहे, आणि असायलाच हवा.

पाण्याचेही तसेच. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राशेजारी कोळसा आहे, पण त्याला पाणी इरई नदीच्या धरणाचे लागते. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटले आणि संच बंद ठेवावे लागले. कोळसा ढिगाने पडून होता. त्याआधीच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत चंद्रपूर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये चौथे आले होते, ८३.८८ गुणांनी.

खाण नको, असे सरसकट म्हणणे सोपे आहे आणि ज्या घरात लोखंडी विळा, पंप आणि सायकल आहे, तिथे ते खरेही नाही. पण हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. हेमॅटाइटचा टन एकदाच निघतो. तलावाचे पाणी, धीवरांची मासळी, गाळाचे खत आणि धान ही जमा शेकडो वर्षे दरसाल होत आली आहे. खाणीच्या अहवालात पहिल्या जमेला टन आणि रुपयांचे रकाने असतात, दुसरीला बहुधा एक परिच्छेद. डोंगर फोडण्याआधी त्याच्या खालच्या प्रत्येक मामा तलावाचे क्षेत्र, त्याच्या पाण्यावरचे एकर आणि विहिरींची पातळी त्याच कागदावर, त्याच आकड्यांत यायला हवी. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे खाणपट्टेधारकांच्या स्वामित्वधनाशी जोडलेला निधी जमा होतो. त्यातून तलावांच्या पाळी आधी दुरुस्त व्हाव्यात.

यासाठी गावाला आपल्या पायाखाली काय आहे, हे माहीत हवे. दोराबजी टाटांना ते योगायोगाने कळले, कारण नागपूरच्या एका भिंतीवर नकाशा टांगलेला होता. त्या नकाशात ज्यांच्या गावांवर रंग होता, त्या माणसांनी तो कधी पाहिला नसेल. आज भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे 'भूकोश' या संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींच्या पातळ्या नोंदवत असते. मागणी साधी आहे: या नोंदी एकत्र करून, मराठीत, गावांच्या, बोड्यांच्या आणि डोंगरांच्या नावांसह एक मोठा नकाशा छापावा आणि तो नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर लावावा. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत बाहेरगावी गेलेली माणसे घरी येतात. तेव्हा ग्रामसभा घ्यावी, आणि सुरुवात त्या नकाशावर आपला तलाव शोधून करावी.